मुलगा बोटीवर चाललाय, पहिलंच जहाज पश्चिम आफ्रिकेला. काय काळजी घ्यावी?

कोथरूडची_आई (१४ जून, रात्री १०:०५)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आरोग्य विभागात नुसती वाचनमात्र. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

धाकटा तळेगावला शिकून बाहेर पडला आणि डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून लागला. परवा कंपनीचा फोन आला. २८ तारखेला काकीनाड्याहून जॉईन व्हायचं, बल्क कॅरिअर म्हणजे मालवाहू जहाज, आत गोण्यांतला तांदूळ, तो उतरवायचा कोटोनू आणि आबिजानला. मी पोराचा शाळेतला नकाशा माळ्यावरून काढला. कोटोनू बेनिनमध्ये आहे, आबिजान आयव्हरी कोस्टमध्ये. बेनिन नावाचा देश आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मेडिकल झालंय, फिट आहे. कंपनीने पिवळ्या तापाची लस घ्या म्हणून कळवलंय आणि मलेरियाच्या गोळ्या ‘जहाजावर मिळतील’ एवढंच. घरात मी काही विचारलं की बाप-लेक एकच उत्तर देतात, पुण्यात काय डास नाहीत का? कोणी बोटीवरचं असेल तर कृपया खरं काय ते सांगा. घाबरवलंत तरी चालेल.

पेठेतला_पोपट (१४ जून, रात्री १०:१२)

बाप-लेक बरोबर बोलतायत. २०२१ मध्ये राज्यातला पहिला झिका आपल्याच पुरंदरमधल्या बेलसरला सापडला, २०२४ च्या पावसाळ्यात तर थेट एरंडवण्यात. डेंगी काय, दरवर्षी गणपतीच्या आधी हजेरी लावतोच. पोराला लवकर समुद्रावर पाठवा, तेवढाच सुरक्षित राहील. (हलके घ्या.)

दर्यावर्दीची_बायको (१४ जून, रात्री १०:४०)

ताई, आधी अभिनंदन! पोपटराव, तुम्ही गप्प बसा.

आमचे ‘हे’ चौदा वर्षं बोटीवर आहेत. ताई, लशीचं उद्या सकाळीच बघा, परवावर ढकलू नका. टोचल्यावर दहा दिवसांनी लशीचं कार्ड लागू होतं, म्हणजे २८ तारखेच्या हिशोबाने तुमच्याकडे जेमतेम चार दिवस आहेत. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच जावं लागतं. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रवाले ठराविक वारी माणसं जमवून टोचतात. नाव आधी नोंदवा, पासपोर्ट न्या. पुण्याची तारीख लांबची मिळाली तर मुंबई गाठा. यांच्या वेळी मी पहाटेच्या एसटीने गेले होते सोबत.

पिवळं कार्ड मिळेल, ते पासपोर्टाइतकंच जपायचं. पूर्वी दहा वर्षांनी परत टोचून घ्यावं लागायचं. जुलै २०१६ पासून एकदाच, आयुष्यभरासाठी. कार्ड नसताना पिवळा ताप असलेल्या देशांतून सहा दिवसांच्या आत परत आलं तर विमानतळावरून घरी नाही, थेट विलगीकरणात. आपल्याकडे पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे, म्हणून सरकार एवढं कडक.

इंजिनरूम_काका (१५ जून, सकाळी ६:२०)

ताई, मी चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो, आता सकाळी पर्वतीवर फिरायला जाणारा म्हातारा आहे. घाबरवलं तरी चालेल म्हणालात, म्हणून माझंच सांगतो.

२०११ साल. नायजेरियात पोर्ट हारकोर्टला तीन आठवडे अडकलो होतो. मलेरियासाठी डॉक्सीसायक्लिन रोज घेत होतो. मेसमध्ये चहाच्या थर्मासशेजारी डबा ठेवलेला असायचा आणि सेकंड मेट (डेकवरचा एक अधिकारी) नावापुढे खूण करायचा, त्यामुळे चुकवायची सोय नव्हती. साईन ऑफ झालो, म्हणजे जहाज सोडून घरी निघालो, लागोसहून विमान धरलं, आणि उरलेल्या स्ट्रिपा केबिनच्या ड्रॉवरमध्ये ठेवून आलो. बंदर संपलं, गोळ्या संपल्या, असा माझा हिशोब. त्या गोळ्या बंदर सोडल्यावर पुढे चार आठवडे घ्यायच्या असतात हे मला माहीत होतं. माहीत असूनही सोडल्या, हे मुद्दाम लिहितोय.

घरी येऊन अकरावा दिवस. गणपती बसायच्या आदल्या दिवशी मखराचे दिवे लावत होतो आणि दात वाजायला लागले. दोन रजया घेतल्या. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या हॉस्पिटलात. प्लेटलेट साठ हजार. ‘डेंगी आहे, सगळ्या पुण्याला आहे,’ असं म्हणून सलाईन लावलं. डेंगीची टेस्ट निगेटिव्ह आली तरी कोणाला त्याचं काही वाटलं नाही. कुठून आलात हे मला कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मला वाटत होतं डॉक्टरला सगळं कळतं.

तिसऱ्या रात्री सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरने माझा हात धरला. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढी गोरी पट्टी होती, बाकी हात कोळसा. ‘काका, एवढे काळे कुठे झालात?’ म्हटलं, आफ्रिकेत. ती बाटली तशीच ठेवून पळत गेली. तासाभरात रक्ताची स्लाईड बघितली, फाल्सिपेरम मलेरिया, सगळ्यात जीवघेणी जात. तोवर लघवी चहासारखी झाली होती. दोनदा डायलिसिस झालं. विसर्जनाचे ढोल मी आयसीयूत ऐकले.

त्या सिस्टरला दर गणपतीत फोन करतो.

कोथरूडची_आई (१५ जून, सकाळी ७:०२)

काका, वाचून हात थरथरतोय. पण बरं झालं लिहिलंत. यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

ओपीडी_सात_ते_नऊ (१५ जून, दुपारी २:१५)

काकांनी माझं निम्मं काम केलंय. मी सिंहगड रोडला जनरल प्रॅक्टिस करतो, उरलेलं सांगतो.

डास चावला की मलेरियाचे जंतू आधी यकृतात जाऊन बसतात. फाल्सिपेरम तिथे आठवडाभर, कधी त्याहून जास्त, गुपचूप वाढतो आणि मग रक्तात उतरतो. डॉक्सी मारते ती रक्तातल्या जंतूंना. म्हणजे बंदरातल्या शेवटच्या रात्री डास चावला असेल तर ते जंतू बाहेर येतील तेव्हा, दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा, गोळी रक्तात हजर हवी. म्हणून चार आठवडे. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल नावाची जोडगोळी यकृतातही मारते, म्हणून ती नंतर सातच दिवस पुरते. पण ती महाग, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही. मेफ्लोक्विन आठवड्याला एकच असते, ऐकायला सोयीची. पण काहींना त्याने भयानक स्वप्नं पडतात, चक्कर येते, मन सैरभैर होतं. रात्री ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, वॉच (पहाऱ्याची पाळी) करणाऱ्या पोराला मी स्वतः ती देणार नाही. कुठली घ्यायची हे कंपनीच्या डॉक्टरकडून आत्ताच लिहून घ्या. ‘जहाजावर मिळतील’ हे उत्तर नाही.

गोळी घेऊनही मलेरिया होऊ शकतो. त्यामुळे परत आल्यावर पुढचे काही महिने ताप आला की डॉक्टरसमोर पहिलं वाक्य हे हवं: ‘मी बोटीवर असतो, अमुक तारखेला पश्चिम आफ्रिकेतून आलो, मलेरिया बघा.’ आधी हे, मग सर्दी-खोकला. पावसाळ्यात आमच्या समोर दिवसाला पन्नास ताप येतात. प्लेटलेट डेंगीत पडतात तशा मलेरियातही पडतात. काकांच्या डॉक्टरांची चूक मी झाकत नाही, पण ती का होते ते मला रोज दिसतं. एक स्लाईड निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असंही नाही, बारा ते चोवीस तासांनी परत बघावी लागते.

व्हायवॅक्स जातीचा मलेरिया यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतो आणि पुढच्या सुट्टीत उठतो. त्यासाठी प्रायमाक्विनचा वेगळा कोर्स असतो, आणि त्याआधी जी-सिक्स-पीडी ही रक्ततपासणी हवीच. त्या एन्झाइमची कमतरता असलेल्याला प्रायमाक्विन दिलं तर रक्तपेशी फुटतात.

हडपसरी (१५ जून, सायं. ५:३०)

मलेरियाची लस आमच्या हडपसरच्या सीरममध्येच बनते ना? मग टोचून टाका की, विषय संपला.

ओपीडी_सात_ते_नऊ (१५ जून, रात्री ९:१०)

बनते, आणि अभिमान आहेच. ऑक्सफर्डबरोबरची आर-ट्वेंटीवन, जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली. पण ती मलेरियाच्या मुलखात वाढणाऱ्या लहान मुलांसाठी आहे, मोठ्या प्रवाशांसाठी नाही. कॅडेटला गोळी आणि मच्छरदाणीच.

थर्ड_मेट_सध्या_घरी (१५ जून, रात्री ११:४५)

मी हाच रन केलाय, काकीनाडा ते कोटोनू. केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनाभर लागतो. आंटी, जाताना काही होत नाही. पोचल्यावर अँकरेजला, म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकून, पडून राहायचं आणि मग जेट्टीला लागल्यावर दिवसच्या दिवस गोण्या उतरत राहतात. पाऊस आला की हॅच (मालाच्या कोठाराचं झाकण) बंद, थांबला की उघड. हे लांबतं तेव्हा लोक कंटाळतात आणि गोळ्या चुकवायला लागतात. अँकरेजला किनाऱ्यापासून लांब असलं तर डास फारसे नसतात. जेट्टीला लागलात की गँगवेवर (जहाजावर चढायच्या जिन्यावर) वर्दळ, अकोमोडेशनचे, म्हणजे राहायच्या भागाचे, दरवाजे सताड उघडे, एसी चालू असून उपयोग शून्य. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, आणि कॅडेटची गँगवे वॉच नेमकी तेव्हाच. फुल बाह्यांचा बॉयलर सूट, सॉक्समध्ये खोचलेली पँट, ओडोमॉस. कोणी हसलं तर हसू दे.

डॉक्सीचं एक कोणी सांगत नाही. तिने कातडी उन्हाला हळवी होते. डॉक्सी घेऊन भर दुपारी डेकवर चिपिंग करणारा, म्हणजे गंज खरवडणारा, कॅडेट म्हणजे तंदुरी. माझ्या कानांच्या पाळ्या सोलून निघाल्या होत्या. टोपी मानेवर झालर असलेली घ्या. आणि गोळी पोटात काहीतरी टाकून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, लगेच बंकवर आडवं व्हायचं नाही. मी झालो होतो, दोन दिवस घास गिळताना रडलोय.

दुसरी गोष्ट तांदळाची. गोण्यांना कीड लागू नये म्हणून होल्डमध्ये (मालाच्या कोठारात) अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड टाकून हॅच बंद करतात, त्याचा फॉस्फिन गॅस होतो. तो प्रवासभर आत असतो आणि फटीतून केबिनपर्यंत येऊ शकतो. डोकं दुखणं, मळमळ, उलट्या, छाती आवळणं. सगळे म्हणतात ऊन लागलं किंवा कुकचं जेवण बाधलं. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला तर ताबडतोब सांगायचं, पण वास आला नाही म्हणजे गॅस नाही असं धरायचं नाही, मीटरने मोजायला लावायचं. त्यावर उतारा असा नाहीच. आणि ‘जरा खाली जाऊन बघून ये’ असं कोणीही म्हटलं, अगदी चीफ ऑफिसर असला तरी, हवा मोजल्याशिवाय आणि परमिटशिवाय होल्डमध्ये पाय टाकायचा नाही. कॅडेटला नाही म्हणणं जड जातं, म्हणून आत्ताच सांगतोय.

कोथरूडची_आई (१६ जून, सकाळी ८:३०)

बापरे, तांदळाचा तर मी विचारच केला नव्हता. मला वाटलं तांदूळ म्हणजे निरुपद्रवी माल.

लशीची नोंद झाली, उद्याच बोलावलंय!! दर्यावर्दीताई, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

जहाजावरचा डॉक्टर या सगळ्याकडे लक्ष देत असेल ना?

इंजिनरूम_काका (१६ जून, सकाळी ९:०५)

ताई, जहाजावर डॉक्टर नसतो.

कोथरूडची_आई (१६ जून, सकाळी ९:०६)

नसतो??

इंजिनरूम_काका (१६ जून, सकाळी ९:५०)

शंभर किंवा जास्त माणसं आणि तीन दिवसांहून लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तरच डॉक्टर सक्तीचा, असा नियम आहे. मालवाहू जहाजावर वीस-बावीस टाळकी. औषधांचं कपाट बहुतेक सेकंड मेटकडे. त्याने कोर्स केलेला असतो, टाके घालतो, इंजेक्शन देतो, सलाईन लावतो. अडलं की सॅटेलाईट फोनवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरला विचारायचं. रोममध्ये सीआयआरएम नावाची संस्था १९३५ पासून कुठल्याही देशाच्या जहाजाला हा सल्ला फुकट देते. मी एकदा पोटदुखीवाल्या फिटरसाठी त्यांच्याशी बोललोय. इटालियन डॉक्टर, मोडकं इंग्रजी त्याचंही आणि माझंही, पण पोटावर कुठे दाबायचं, हात सोडल्यावर दुखतं का, हे सगळं त्याने नीट करून घेतलं. अपेंडिक्स निघालं.

आता माझ्या खात्यातलं. सगळे डासांवर बोलतायत, पण इंजिनरूममध्ये माणसाला रोज छळते ती उष्णता. पर्शियन गल्फमध्ये ऑगस्टला समुद्राचं पाणीच अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट असतं. ब्लोअर बाहेरची जी हवा आत ढकलतात ती चाळीसच्या वर, आणि दमट. प्युरिफायर रूममध्ये, म्हणजे तेल गाळायच्या खोलीत, पन्नास. रेलिंगला मोकळा हात लावायचा नाही. पुण्याच्या मे महिन्याशी तुलना करू नका, आपल्याकडे घाम सुकतो. तिथे तो अंगावरून ओघळतो आणि बुटात जमतो. ओघळलेल्या घामाने अंग थंड होत नाही, सुकलेल्याने होतं. बॉयलर सूट काढून टांगला की वाळल्यावर त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात, किनाऱ्यावर लाटांच्या उमटतात तशा.

नवा माणूस पहिल्या आठवड्यात पडतो. डिसेंबरात पुण्याहून स्वेटर घालून निघालेला पोरगा दुसऱ्या दिवशी विषुववृत्तावर पिस्टन काढायला उभा केला तर काय होणार? शरीराला रुळायला एक-दोन आठवडे लागतात. माझ्या हाताखाली नव्या ऑइलरला पहिले आठ दिवस अर्धीच पाळी खाली, अर्धी कंट्रोल रूममध्ये. इतर चीफ मला मवाळ म्हणायचे.

एकदा एक मोटरमन बोलता बोलता माझ्याशी भोजपुरीत भांडायला लागला. त्याला मी त्याचा भाऊ वाटत होतो. घामाने भिजलेला होता, म्हणून आधी कोणाला शंका आली नाही. उष्माघातात घाम थांबतोच असं नाही, बोलणं बरळणं झालं की समजायचं. त्याला वर नेऊन कपडे उतरवले, गॅलीतला (स्वयंपाकघरातला) सगळा बर्फ, ओल्या चादरी, दोन पंखे. रोमला फोन नंतर केला, आधी थंड केला. पॅरासिटामॉलने ही गरमी उतरत नाही.

आमच्या टॉयलेटच्या दारावर लघवीच्या रंगांचा तक्ता चिकटवलेला असायचा. पोरं त्यावर आचरट काहीबाही लिहायची, पण बघायची. गडद पिवळी झाली की पाणी. बोटीवरच्या माणसाला मुतखडा होतो तो यामुळेच. मला दोनदा झालाय.

दर्यावर्दीची_बायको (१६ जून, दुपारी १२:२०)

काकांना अनुमोदन. मी यांच्या बॅगेत कोकम आगळाच्या दोन बाटल्या देते, आमसुलं, सैंधव आणि ओआरएसची पाकिटं. मिठाच्या गोळ्या नुसत्या गिळू नका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

बोटीवर पाणी समुद्राचंच वाफ करून बनवतात. हे म्हणतात, ती वाफ निर्वात करून कमी तापमानाला काढतात, त्यामुळे पाणी उकळलं म्हणजे निर्जंतुक झालं असं नसतं. किनाऱ्याजवळ घाण असते म्हणून बंदरात ते यंत्र बंद ठेवतात. टाक्या नीट धुतल्यात का कोण जाणे. टायफॉईड आणि कावीळ ‘ए’च्या लशी त्याला देऊनच टाका.

आणि कोणी नवविवाहित वाचत असेल तर, झिका असलेल्या देशातून नवरा परत आला की तीन महिने जपायचं, दिवस राहू द्यायचे नाहीत. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, मला वर्तमानपत्रात वाचून कळलं.

ओपीडी_सात_ते_नऊ (१६ जून, रात्री ९:४०)

जांघेतल्या गजकर्णाबद्दल कोणी बोललं नाही, कारण लाजतात. ओला बॉयलर सूट आणि बारा तास. दुकानातून तीन-तीन औषधं कालवलेली ट्यूब आणतात, त्यात स्टेरॉईड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग पाठभर पसरतं. सुती अंतर्वस्त्रं डझनभर द्या आणि साधं अँटीफंगल मलम. बाकी आजारी पडला तर उपचारांचा खर्च मालकाचा, आणि काम करता येत नसेल तर किमान सोळा आठवडे पगार. २००६ च्या मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्ये आहे हे, भारताने २०१५ ला सही केलीय. म्हणून दुखणं अंगावर काढायचं नाही, लॉगमध्ये लिहून घ्यायचं.

पेठेतला_पोपट (१७ जून, सकाळी ७:१५)

अवांतर: पनामा कालवा खणायला १८८१ मध्ये फ्रेंच गेले. हजारो माणसं पिवळ्या तापाने आणि मलेरियाने मेली, १८८९ ला कंपनी बुडाली. गंमत अशी की हॉस्पिटलात खाटांना मुंग्या लागू नयेत म्हणून त्यांनी खाटांचे पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवले होते. डास तिथेच, पेशंटच्या उशाशी वाढत होते. नंतर अमेरिकनांनी आधी डास आवरले आणि मग कालवा, तो उघडला १९१४ ला.

ताई, तुमच्या गॅलरीत कुंड्यांखाली ताटल्या आहेत का?

कोथरूडची_आई (१७ जून, सकाळी ७:४०)

आहेत. आत्ता उपड्या करून आले. हसू नका.

कोथरूडची_आई (११ ऑगस्ट, रात्री ९:२५)

धागा वर काढतेय. काल कोटोनूच्या अँकरेजवरून त्याचा फोन आला, आवाज तुटत होता. गोळ्या कंपनीच्या डॉक्टरांनी आधीच लिहून दिल्या होत्या, डॉक्सीच. झालरवाली टोपी घालतो, बोसन (खलाशांचा मुकादम) त्याला ‘अरब’ म्हणतो. आगळाची एक बाटली केपच्या वादळात फुटली, दुसरी चीफ कुकने ताब्यात घेतलीय. होल्डचा वास येतो का विचारलं, तर म्हणाला मीटर लावून मोजतात, एकदा आकडा वाढला म्हणून रात्री सगळ्यांना केबिनबाहेर काढलं होतं. हे मला तेव्हा सांगितलं नव्हतं.

मी काय केलंय, एक कार्ड लॅमिनेट करून त्याच्या पाकिटात घातलंय. डॉक्टरसाहेबांचं वाक्य जसंच्या तसं, मराठीत आणि इंग्रजीत. खाली बंदरं आणि तारखांसाठी रिकामी ओळ, ती त्याने भरायची. दुसरी प्रत आमच्या फ्रिजवर.

काका, यंदा सिस्टरना फोन कराल तेव्हा माझाही नमस्कार सांगा.

इंजिनरूम_काका (१२ ऑगस्ट, सकाळी ६:१०)

सांगतो. शेवटची गोळी बंदर सोडल्यावर किती आठवड्यांनी, हे कार्डावर लिहिलंय का?

कोथरूडची_आई (१२ ऑगस्ट, सकाळी ६:३२)

लाल पेनाने.

हडपसरी (१२ ऑगस्ट, सकाळी १०:०५)

दर्यावर्दीताई, आगळ कुठून घेता? मंडईतलं मला पातळ वाटतं.